मांडणी : बर्नाबीच्या स्वयंपाकघरातील जुनेपण

स्वयंपाकघराला जुन्या काळाचे रूप देण्याची आवड ही घरात वीज, गॅस आणि नळ येऊन स्थिरावल्यानंतरची आवड आहे. ज्या पिढीने रोज चुलीपुढे बसून धूर सोसला, तिने चुलीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिल्याचे सहसा दिसत नाही. त्यामुळे या विषयाचा विचार करताना आरंभीच एक गोष्ट मान्य करावी लागते, की जुने स्वयंपाकघर आणि जुन्या धाटणीचे स्वयंपाकघर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिले गरजेतून घडले, दुसरे आठवणीतून घडवले जाते. आणि दुसऱ्याला पहिल्याचे खरे सौंदर्य हवे असेल, तर जुन्या वस्तूंचे आकार कोणत्या कामातून आले हे आधी समजून घ्यावे लागते.

या क्षेत्रात तीन इंग्रजी शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचे अर्थ निराळे आहेत. ‘रस्टिक’ म्हणजे ग्रामीण धाटणीचे; या शब्दाच्या मुळाशी खेडे किंवा शेतशिवार या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि न रंधलेले लाकूड, हाताने घडवलेली माती, ठोक्यांच्या खुणा असलेला धातू अशा गोष्टी त्यात येतात. ‘व्हिंटेज’ हा शब्द द्राक्षांच्या हंगामातून आला असून एका विशिष्ट काळाची ओळख सांगणारी वस्तू असा त्याचा अर्थ रूढ झाला आहे. वस्तू कोणत्या दशकातील हे तिच्याकडे पाहून कळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ‘अँटिक’ म्हणजे साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू. रस्टिक वस्तू काल बनवलेली असू शकते, अँटिक वस्तू असू शकत नाही. आणि बाजारात या फरकाचीच किंमत मोजली जाते.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हर आणि न्यू वेस्टमिन्स्टर या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या बर्नाबीत राहणाऱ्या मराठी कुटुंबासमोर हा प्रश्न दुहेरी स्वरूपात येतो. तेथे ‘जुने’ म्हणजे नेमके कोणाचे जुने? ज्या भूमीवर घर आहे त्या प्रशांत किनाऱ्याचे लाकूड आणि बीड, की ज्या घरातून कुटुंब आले त्या माजघरातील तांबे, पितळ आणि दगड? वरवर पाहता या दोन परंपरांचा काहीही संबंध नाही. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांनी विस्तव, पाणी, साठवण आणि कीड या चारच अडचणींना उत्तरे शोधली होती, आणि ती उत्तरे पुष्कळदा इतकी जवळची निघतात की त्यांना एका भिंतीवर आणणे अस्वाभाविक वाटत नाही.

बर्नाबीची नगरपालिका १८९२ मध्ये स्थापन झाली. त्याआधीच्या वर्षी, १८९१ मध्ये, व्हँकुव्हर आणि न्यू वेस्टमिन्स्टर यांना जोडणारी विजेवर चालणारी आंतरशहरी ट्राम सुरू झाली होती, आणि या मार्गाच्या आजूबाजूला जंगल तोडून शेते, फळबागा आणि घरे उभी राहू लागली. त्या काळातील घरे पाहायची असतील तर डियर लेक या तळ्याकाठच्या बर्नाबी व्हिलेज म्युझियममध्ये जावे लागते. ब्रिटिश कोलंबिया प्रांत कॅनडात सामील झाल्याला १९७१ मध्ये शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने हे खुले संग्रहालय उभारले गेले. त्यात १९२० च्या दशकातील वस्तीचे वातावरण राखलेले आहे. काही इमारती मूळ जागेवरून हलवून येथे आणल्या आहेत, काही नव्याने बांधल्या आहेत. जेसी लव्ह यांचे १८९३ मधील शेतघर बर्नाबीच्या पूर्व भागातून १९८८ मध्ये येथे हलवले गेले. ‘एल्वर्थ’ हे १९२२ मधील घर मात्र पहिल्यापासून याच जागेवर आहे. रेल्वे कंपनीतून निवृत्त झालेल्या एडविन बेटमन यांच्यासाठी ते बांधले गेले होते. ही दोन घरे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि एका पिढीत घराविषयीच्या कल्पना किती बदलल्या हे त्यांच्याकडे लागोपाठ पाहिल्यावर लक्षात येते.

शेतघराच्या काळातील स्वयंपाकघराचा केंद्रबिंदू म्हणजे लाकडावर चालणारी बिडाची चूल. तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. एका बाजूला जळण घालण्याची पेटी असे. तिच्यातील धग वरच्या जाड बिडाच्या पत्र्याखालून फिरून भट्टीला, म्हणजे पाव भाजण्याच्या कप्प्याला, वळसा घालून धुराड्याकडे जाई. पुष्कळ चुलींना दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी जोडलेली असे, जिच्यात उरलेल्या उष्णतेवर दिवसभर पाणी गरम राही, आणि वर एक बंदिस्त फळी असे, जिच्यावर शिजलेले अन्न ऊबदार राही. मराठी वाचकाला यात काहीच अनोळखी नाही. मातीच्या चुलीला जोडून असलेला ‘वैल’ म्हणजे हीच युक्ती होती: मुख्य चुलीतील जाळ आतल्या भोकातून वैलाकडे जाई, आणि भाकरी तव्यावर असताना आमटी वैलावर मंदपणे उकळत राही. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंबही मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी या त्याच तत्त्वावर चाले. जळण तोडून, वाहून, सुकवून आणावे लागत असल्यामुळे त्यातली धग वाया जाऊ द्यायची नाही, हा विचार फ्रेझर नदीच्या खोऱ्यात आणि कृष्णेच्या खोऱ्यात सारखाच होता.

या समानतेचा सजावटीशी थेट संबंध आहे. जुन्या धाटणीच्या स्वयंपाकघरात शेगडीभोवतीचा भाग सर्वांत भारदस्त असावा असे सांगितले जाते, त्याचे कारण हेच की जुन्या घरात तोच भाग सर्वांत जड, सर्वांत गरम आणि सर्वांत वर्दळीचा होता. काचेच्या सपाट पृष्ठभागाच्या विजेच्या शेगडीला हा भारदस्तपणा स्वतःकडून देता येत नाही. तो तिच्या मागच्या भिंतीतून, शेजारच्या जाड लाकडी ओट्यातून किंवा वर टांगलेल्या बिडाच्या तव्या-कढयांतून द्यावा लागतो. बिडाचा तवा तर दोन्ही परंपरांचा आहे. तेलाचा अत्यंत पातळ हात देऊन तो तापवला की तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक कठीण, काळाभोर थर तयार होतो. तवा ‘मुरला’ असे मराठी घरात म्हटले जाते ते याच थरामुळे. हा काळा रंग विकत मिळत नाही, वापरानेच येतो, आणि म्हणूनच तो भिंतीवर टांगलेला शोभतो.

एल्वर्थसारख्या १९२० च्या दशकातील घरांकडे वळल्यावर मात्र आजच्या ‘रस्टिक’ कल्पनेला धक्का बसतो. त्या दशकातील आधुनिक गृहिणीला खडबडीत लाकूड नको होते. रोग जंतूंमुळे होतात हे ज्ञान तोपर्यंत सर्वसामान्य घरांत पोचले होते, आणि पांढरा रंग, चिनीमातीच्या गुळगुळीत फरशा, मुलामा दिलेली भांडी, पुसून घेता येणारे लिनोलियम यांनी स्वयंपाकघर जवळजवळ दवाखान्यासारखे स्वच्छ दिसावे असा प्रयत्न होता. लिनोलियम म्हणजे जवसाच्या घट्ट झालेल्या तेलात बुचाच्या झाडाचा किंवा लाकडाचा भुसा मिसळून कापडी पाठीवर पसरलेले आच्छादन. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने ते १८६० च्या दशकात विकसित केले. ज्या आडव्या पांढऱ्या फरशांना आज ‘सबवे टाइल’ म्हणतात, त्या १९०४ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांतून प्रसिद्धीस आल्या. अमेरिकेतील ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी १९१० च्या दशकात कारखान्यातील हालचालींचे मोजमाप घरकामाला लावले आणि ओटा, शेगडी, कपाट यांच्यातील पावले कमी कशी होतील याचे आराखडे मांडले. इंडियाना राज्यातून प्रसार पावलेले ‘हूझियर’ कपाट याच विचाराचे: पिठाची कोठी आणि तिच्या तळाशी चाळणी, मसाल्यांचे कप्पे, ओढून बाहेर येणारा ओटा, हे सगळे एकाच उभ्या कपाटात. म्हणजे ज्याला १९२० च्या दशकाचे प्रामाणिक स्वयंपाकघर करायचे असेल, त्याने पांढरे, मोकळे आणि नेटके स्वयंपाकघर करावे. कृत्रिमपणे खरवडलेल्या फळ्या त्या काळात कोणी लावल्या नसत्या.

लाकडाचा मान मात्र बर्नाबीत खराच आहे, आणि तो त्या भूमीचा आहे. बर्नाबीच्या उत्तर किनाऱ्यावर बार्नेट येथे लाकडाची मोठी गिरणी होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे युरोपीय कामगारांबरोबर पंजाबी, चिनी आणि जपानी कामगारही राबत होते. त्या परिसरात हिंदुस्थानी जेवण शिजू लागले ते मराठी कुटुंबे येण्याच्या कितीतरी आधी, या गिरणी कामगारांच्या चुलींवर. डग्लस फर आणि लाल सीडर ही या किनाऱ्याची दोन मुख्य लाकडे. डग्लस फरच्या उभ्या रेषांच्या पट्ट्या जुन्या घरांच्या जमिनींत सापडतात. काळाबरोबर त्यांचा रंग मधासारखा गडद होतो. सीडर मऊ, हलके, सुगंधी आणि कुजण्यास दाद न देणारे. या किनाऱ्यावरील मूळनिवासी लोकांनी सीडरच्या एकाच फळीला ठरावीक अंतरावर खाचा पाडून, वाफेने मऊ करून, तीन कोपऱ्यांत वाकवून आणि चौथा कोपरा शिवून किंवा खुंट्या मारून पेट्या घडवल्या. त्यांत अन्न साठवले जाई, आणि काही पेट्या इतक्या पाणबंद असत की त्यांत पाणी भरून, तापवलेले दगड टाकून अन्न शिजवले जाई. बर्नाबीत ‘जुन्या जगाचे’ स्वयंपाकघर म्हणताना स्मरण येथपर्यंत मागे गेले पाहिजे. १८९३ चे शेतघर त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. अशा पेट्यांच्या स्वस्त नकला शोभेसाठी घेणे योग्य नाही. घ्यायचीच असेल तर त्या परंपरेतील कारागिराने घडवलेली, त्याचे नाव माहीत असलेली वस्तू घ्यावी.

आता माजघराकडे. मराठी स्वयंपाकघरातील जुन्या वस्तूंची नावे आज घरातल्या घरात लुप्त होत आहेत, आणि वस्तू जपण्याइतकेच तिचे नाव आणि काम जपणे महत्त्वाचे आहे. भिंतीत बसवलेले, दारे असलेले कपाट ते फडताळ. दार नसलेला खळगा तो कोनाडा. मांजर आणि मुंग्यांपासून दूध-लोणी वाचवण्यासाठी छताला टांगलेले दोरीचे जाळे ते शिंके. मोठ्यावर लहान अशा क्रमाने रचलेल्या मडक्यांची चवड ती उतरंड. लांब दांड्याचे, पातळ पदार्थ वाढण्याचे खोलगट भांडे ते ओगराळे. तांदूळ धुण्याची बांबूची टोपली ती रोवळी. आणि भांडी मांडून ठेवण्याची, पुढे आडवी पट्टी असलेली फळ्यांची रचना ती मांडणी, जिच्यात ताटे उभी राहतात, वाट्या-फुलपात्री ओळीने बसतात आणि डबे आकाराप्रमाणे उतरत जातात. इंग्लंडमधील खेड्यांतल्या ताटांच्या उघड्या कपाटांशी मराठी मांडणीचे साम्य इतके स्पष्ट आहे, की पाश्चात्य धाटणीच्या घरात काही ‘भारतीय’ जोडायचे असेल तर मूर्ती किंवा तोरणाआधी मांडणीचाच विचार व्हावा.

या वस्तू घराबाहेर गेल्या त्याचे एक मोठे कारण स्टेनलेस स्टील होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टीलची भांडी मध्यमवर्गीय घरांत येऊ लागली; ती कलंकत नाहीत, त्यांना कल्हई लागत नाही, ती हलकी आणि घासायला सोपी. घरोघर पितळी पातेली, हंडे, परातींची मोड झाली आणि जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून स्टीलचे डबे आले. घरच्या बायकांचा हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. रोज राखेने आणि चिंचेने मणभर पितळ घासणे हे काम त्यांच्याच वाट्याला होते, आणि शोभेची किंमत त्यांच्या मनगटांनी मोजली होती. याच काळात काही माणसे उलट दिशेने विचार करत होती. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी देशभर फिरून अडकित्ते, दिवे, विळ्या, भांडी, पेट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील स्वयंपाकघराच्या वस्तू पाहणे हे या विषयातील उत्तम शिक्षण आहे, कारण एका साध्या झाऱ्यावर किंवा खिसणीवर कारागिराने मोर का बसवला असेल, हा प्रश्न तेथे आपोआप मनात येतो. बर्नाबीचे खुले संग्रहालय उभारले जाणे आणि पुण्याचा हा संग्रह शासनाकडे जाणे यांच्यात चार वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हींच्या मागे ‘आता नाही जपले तर हातचे जाईल’ ही एकच धडपड आहे.

तांब्या-पितळेच्या वस्तू निवडताना दोन तांत्रिक बाबी समजून घ्याव्या लागतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांबटांचा धंदा चालत आला आहे. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे, जवळजवळ पडलेले ठोके दिसतात त्याला मठारकाम म्हणतात. ते केवळ नक्षीसाठी नसते: थंड अवस्थेत ठोकल्याने तांबे कठीण होते आणि पातळ पत्रा आकार धरून राहतो. हाताच्या मठारकामात ठोक्यांचे अंतर किंचित बदलत जाते आणि प्रकाश त्यावर हलता दिसतो. साच्यातल्या नकली ठोक्यांत तो गोठलेला असतो. ही पारख एकदा जमली की फसगत होत नाही.

दुसरी बाब कल्हईची. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या संपर्कात राहिले की धातूचे क्षार त्यात उतरतात. ताक किंवा कोकमाची आमटी अशा भांड्यात ‘कळकते’, म्हणजे हिरवट पडून चवीला वाईट आणि प्रकृतीला अपायकारक होते. म्हणून भांडे तापवून, नवसागराने आतील बाजू स्वच्छ करून, तीवर कथलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने फिरवला जातो. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे तापवायचे नसते. बर्नाबीच्या गल्ल्यांतून कल्हईवाल्याची हाक येत नाही. तेव्हा ज्या भांड्यात शिजवायचे आहे त्याची कल्हई महाराष्ट्राच्या फेरीत करून आणावी, आणि बाकीच्या भांड्यांना फळे, कोरडा जिन्नस, लाकडी चमचे किंवा फुलझाडाच्या कुंडीचे काम द्यावे. शोभेच्या पितळेवर बऱ्याचदा काळे पडू नये म्हणून पारदर्शक रोगण चढवलेले असते. अशा भांड्यात अन्न कधीही शिजवू नये.

पितळ लख्ख असावे की काळवंडलेले, या प्रश्नावर दोन परंपरांचे मत सरळ परस्परविरुद्ध आहे. पाश्चात्य संग्राहक जुन्या धातूवरची काळसर छटा जपतो, कारण ती वयाची साक्ष असते. मराठी घरात घासलेले पितळ हीच घराच्या निगेची साक्ष असते. दिवाळीच्या आधी मांडणीवरचा प्रत्येक गडू लिंबू-मिठाने उजळलेला असतो. येथे मराठी बाजू अधिक पटणारी आहे. कित्येक वर्षे हात न लागल्याचे काळेपण आणि रोज हात लागून झिजल्याचे मऊपण यांत पुष्कळ अंतर आहे, आणि स्वयंपाकघरात दुसऱ्याचीच शोभा आहे. अपवाद एकच: संग्रहमूल्य असलेल्या खरोखरीच्या दुर्मीळ वस्तूला तज्ज्ञाला विचारल्याशिवाय आम्ल लावू नये.

भारतातून वस्तू नेण्याला कायद्याची बाजूही आहे, आणि तिच्याविषयी गैरसमज बरेच आहेत. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू व कारागिरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजीच्या काळातील कोरीव पितळी पेटी किंवा समई नेताना ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेणे शहाणपणाचे असते. कॅनडात प्रवेश करताना माती, झाडाची साल किंवा कीड असलेल्या लाकडी वस्तू अडवल्या जातात, म्हणून पोळपाट, पाट, लाकडी परात या वस्तू आधी स्वच्छ धुऊन, नीट वाळवून न्याव्यात. पाटा-वरवंटा आणि जाते यांचे वजनच त्यांचा अडथळा असते. जी कुटुंबे वजन सोसून जाते नेतात, ती कित्येकदा त्यावर काच टाकून त्याचे बसके मेज करतात. ज्या जात्याची लग्नघरात पूजा होते, ज्यावर ओव्या म्हटल्या गेल्या, त्याला पाय लागेल अशा ठिकाणी ठेवणे मराठी मनाला रुचणारे नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, हाताच्या उंचीवर ठेवलेला लहानसा खलबत्ता, ज्यात रोज वेलदोडे कुटले जातात, तो त्याहून कितीतरी जिवंत असतो.

बर्नाबीतील पुष्कळ कुटुंबे मेट्रोटाउन, ब्रेंटवुड, लॉहीड किंवा एडमंड्स या भागांतील उंच इमारतींत राहतात, आणि अशा सदनिकांतील स्वयंपाकघर लांबट, अरुंद आणि आधीच कपाटांनी भरलेले असते. शिवाय तेथे ‘स्ट्राटा’ म्हणजे सदनिकाधारकांच्या सामाईक मंडळाचे नियम असतात. जमीन, नळ किंवा भिंती बदलायच्या तर मंडळाची परवानगी लागते, आणि भाड्याच्या घरात तर घरमालकाची. म्हणून येथे हलवता येण्याजोग्या वस्तूंवर भर द्यावा लागतो. कपाटाची दोन दारे काढून ठेवली आणि आतल्या फळ्यांना पुढे आडवी लाकडी पट्टी लावली, की आधुनिक कपाटाची मांडणी होते. घर सोडताना दारे परत बसवता येतात. जुन्या घरांतून निघालेल्या डग्लस फरच्या पट्ट्या, मुठी, बिजागऱ्या पुनर्वापराच्या दुकानांत मिळतात. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेची ‘रीस्टोअर’ दुकाने अशा दान आलेल्या वस्तू विकून घरबांधणीसाठी पैसा उभा करतात.

मांडणीच्या त्या आडव्या पट्टीला बर्नाबीत आणखी एक अर्थ आहे. हा सगळा किनारा भूकंपप्रवण आहे; समुद्राखालील कॅस्केडिया भ्रंशावर शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. तेव्हा डोक्यापेक्षा उंच उघड्या फळीवर पितळी हंडा किंवा दगडी खल ठेवणे ही गंभीर चूक आहे. उतरंडीचा जुना नियम, जड खाली आणि हलके वर, तो येथे जीवरक्षक ठरतो. फळ्या भिंतीच्या आतील लाकडी खांबांना स्क्रूने पक्क्या कराव्यात आणि बरण्यांपुढे पट्टी किंवा तार असावी.

उघड्या फळ्यांबद्दल पाश्चात्य पुस्तकांतील सल्ला मराठी घराने जसाच्या तसा घेऊ नये, याचे मुख्य कारण फोडणी आहे. भट्टीत भाजण्यावर आधारलेल्या स्वयंपाकात तेलाची वाफ कमी उडते. मोहरी-हिंगाच्या फोडणीत आणि तळणीत तेलाचे सूक्ष्म कण हवेत जातात, फळीवर बसतात, त्यांवर धूळ धरते आणि महिन्याभरात मांडणी चिकट होते. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून आतच सोडतो हे आधी पाहावे. आतच सोडत असेल तर उघडी मांडणी शेगडीपासून शक्य तितकी दूर, जेवणाच्या मेजाच्या बाजूला न्यावी, आणि तिच्यावर रोज वापरून रोज घासल्या जाणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात. शेगडी इंडक्शनची असेल तर तांबे आणि पितळ तिच्यावर तापत नाही, कारण ती चुंबकीय क्षेत्रावर चालते. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर भांडे चालते, आणि या परीक्षेत बिडाचा तवा हमखास उतरतो.

भिंतींच्या बाबतीत मराठी घराकडे चुन्याचे ज्ञान होते, आणि ते परत वापरण्याजोगे आहे. विरवलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. त्यामुळे त्याच्या रंगाला प्लास्टिक रंगात न येणारी ढगाळ, मऊ खोली असते. त्यात थोडा गेरू किंवा पिवडी मिसळली की वाड्यातील ओसरीचा रंग उमटतो. उत्तर अमेरिकेतील शेतघरांत चुना आणि दुधातील केसीन हे प्रथिन मिळून दुधाचा रंग केला जाई, तो याच घराण्यातला. बर्नाबीच्या घरांच्या भिंती जिप्समच्या पाट्यांच्या असल्याने चुन्याआधी त्यांना योग्य अस्तर लावावे लागते. घर जुने असेल तर कुठलीही खरवड करण्यापूर्वी थांबणे आवश्यक आहे: १९६० पूर्वीच्या कॅनेडियन घरांतील रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, आणि १९९० पूर्वीच्या घरांच्या फरशा, गिलावा किंवा छत यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. दोन्हींची धूळ घातक असते. जुनेपणाच्या ओढीने जुनी फरशी उखडण्याआधी नमुना तपासून घेणे हा सजावटीचाच पहिला टप्पा समजावा.

एवढे सगळे केल्यानंतरही स्वयंपाकघर दुकानाच्या काचेसारखे दिसू शकते, जर त्यात बेगमी नसेल. बेगमी म्हणजे वर्षभराची तरतूद: वाळवणे, लोणची, मसाले, डाळी, पापड. जुने स्वयंपाकघर सुंदर दिसे ते भरलेले असल्यामुळे, आणि या बाबतीत बर्नाबीच्या दोन्ही परंपरा पुन्हा एकत्र येतात. १८५८ मध्ये जॉन लँडिस मेसन यांनी पेटंट घेतलेल्या फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरण्यांत येथील गृहिणी उन्हाळ्यातील फळे हिवाळ्यासाठी बंद करत. अल्बर्टा प्रांतातील मेडिसिन हॅट येथे, जेथे माती आणि नैसर्गिक वायू दोन्ही जवळ होते, तेथील मेडाल्टा कारखान्याने जाड मातीची झिलईदार भांडी पश्चिम कॅनडाभर पोचवली. लोणी, खारवलेल्या भाज्या आणि अंडी त्यांत साठवत. अशा पांढुरक्या भांड्याशेजारी वरून तपकिरी आणि खाली मलईच्या रंगाची मराठी चिनीमातीची बरणी ठेवली, तर दोन चुलत बहिणी शेजारी बसल्यासारख्या दिसतात. झिलईला तडे गेलेल्या किंवा कोठून आल्या हे ठाऊक नसलेल्या जुन्या बरण्यांत मात्र आंबट पदार्थ भरू नयेत, कारण जुन्या झिलईत शिसे असू शकते; त्यांत तांदूळ किंवा वाल राहू द्यावेत.

बर्नाबीत ऑक्टोबरपासून पाऊस लागतो आणि वसंतापर्यंत रेंगाळतो, पण जुलै-ऑगस्ट कोरडे आणि उजळ असतात. लिंबाचे लोणचे मुरवायचे ते याच दिवसांत: फोडींना मीठ लावून, बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधून, ती दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची आणि ऊन सरकेल तशी बरणीही सरकवायची. पावसाळी दिवस सुरू होईपर्यंत फोडी मऊ पडतात, रस घट्ट होतो, आणि बरणी खिडकीतून निघून मांडणीच्या खालच्या फळीवर, पट्टीच्या आत, आपल्या जागी जाते.